‘फायनल’ नावाच्या सात फायली आणि एक लिंक

दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीची सेक्रेटरी झाले, तेव्हा आधीच्या सेक्रेटरींनी चाव्यांच्या जुडग्याबरोबर एक पेन ड्राइव्ह हातात ठेवला. त्यात मागच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्ताच्या सात फायली निघाल्या. ‘मिनिट्स फायनल’, ‘मिनिट्स फायनल नवीन’, ‘फायनल चेअरमन करेक्शन’, आणि पुढे अशाच. एकीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव मंजूर, दुसरीत तोच ठराव तहकूब. दोन फायलींत नुसता कंस, ठिपके आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा, कारण स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याने त्या जुन्या फाँटमध्ये टाइप केल्या होत्या आणि तो फाँट माझ्याकडे नव्हता.

मुलुंडची आमची सोसायटी काही जगावेगळी नाही. मुंबईत कुठल्याही इमारतीच्या कमिटीला विचारा, नाहीतर गणेशोत्सव मंडळाच्या चिटणीसाला. अहवालाच्या अशाच सात-आठ प्रती व्हॉट्सॲपवर फिरत असतात आणि छापायला जाते ती नेमकी चुकीची. ऑनलाइन लिखाणाचा खरा उपयोग इथे आहे. टायपिंग वर्डमध्येही होतंच. ऑनलाइन फाइल मात्र एकच असते, एकाच जागी असते, आणि सगळे तिच्यापाशी येतात. फाइल पाठवायची नसते, लिंक पाठवायची असते. हे एकदा अंगवळणी पडलं की बाकीची बटणं आपोआप सापडतात.

मी इथे गूगल डॉक्सबद्दल लिहिते आहे, कारण बहुतेकांच्या फोनमध्ये जीमेल आहेच. मायक्रोसॉफ्ट वर्डचीही ब्राउझरमध्ये चालणारी फुकट आवृत्ती आहे. तिच्याबरोबर ५ जीबी जागा मिळते. आपल्या चेन्नईच्या झोहो कंपनीचं ‘रायटर’ही चांगलं आहे. जे पुढे सांगते त्यातलं बरंचसं तिन्हीकडे लागू पडतं, फक्त बटणांच्या जागा बदलतात.

खातं कुणाच्या नावाचं?

स्वतःची पत्रं, लेख, मुलांचे प्रकल्प लिहायचे असतील तर स्वतःचं जीमेल पुरे. संस्थेचं काम असेल तर आधी संस्थेच्या नावाचं वेगळं खातं उघडा. ही पहिली पायरी लोक गाळतात आणि मग पस्तावतात. फाइल ज्याच्या खात्यात तयार होते, तो तिचा मालक. उद्या त्याने ती कायमची पुसली तर इतर सगळ्यांकडूनही जाते. सेक्रेटरी फ्लॅट विकून बदलापूरला गेले आणि सोसायटीची पाच वर्षांची कागदपत्रं त्यांच्या खासगी खात्यात राहिली, असं नको. मालकी दुसऱ्याला देता येते, पण त्यासाठी आधीच्याने ती द्यावी लागते आणि पुढच्याने स्वीकारावी लागते. कमिटी बदलताना माणसं एवढी गोडीगुलाबीत असतातच असं नाही.

या खात्याला पासवर्डच्या जोडीला दुसरी पडताळणी, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, लावा. रिकव्हरीसाठी, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवायला, सेक्रेटरी आणि खजिनदार अशा दोघांचे संपर्क ठेवा. खातं वापरात ठेवा, कारण दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गूगल बंद करून पुसू शकतं. १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती मेल, ड्राइव्ह (गूगलचं फायली ठेवायचं ऑनलाइन कपाट) आणि फोटो या तिघांत वाटलेली असते. नुसत्या मजकुराच्या फायली फार जागा खात नाहीत. सभेचे व्हिडिओ आणि पाइपलाइनचे फोटो खातात.

पहिलं पान

संगणकावर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘डॉक्स डॉट न्यू’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. कोरं पान समोर येतं. फोनवर डॉक्सचं ॲप उघडून खालच्या अधिक चिन्हावर बोट ठेवा. लांब लिखाणासाठी मात्र संगणकच बरा. फोनवर दुरुस्त्या आणि वाचन.

टाइप करण्याआधी तीन कामं करा. एक, वर डावीकडे ‘अनटायटल्ड डॉक्युमेंट’ लिहिलेलं असतं, तिथे क्लिक करून नाव द्या. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०२५-०९-१४ वार्षिक सभा इतिवृत्त’. अशा नावांच्या फायली यादीत तारखेनुसार लागतात. ‘फायनल’ हा शब्द नावात घालायचा नाही, हा आमच्या कमिटीचा अलिखित ठराव आहे.

दोन, ‘फाइल’ मेन्यूत ‘पेज सेटअप’ उघडा आणि कागद ए-फोर आहे का ते बघा. कित्येकदा तो अमेरिकन ‘लेटर’ असतो. लेटर २१.६ गुणिले २७.९ सेंटिमीटर, आपला ए-फोर २१ गुणिले २९.७. फरक किरकोळ वाटतो, पण झेरॉक्सवाल्याकडे छापताना मजकूर आक्रसतो किंवा सह्यांची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते. तिथेच ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबलं की पुढच्या फायलींसाठी कटकट संपली.

तीन, ‘फाइल’मध्येच ‘लँग्वेज’ आहे, तिथे मराठी निवडा.

‘सेव्ह’ बटण शोधू नका, नाहीये. टाइप कराल तसं आपोआप जतन होत राहतं आणि वर नावाशेजारी तशी खूण दिसते. तीस वर्षं कंट्रोल-एस दाबत आलेल्या माणसाला पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटतं. मी अजून दाबते. काही बिघडत नाही.

मराठी टाइप करायचं कसं

इथे खरी गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर.

फोनवर जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, असेल तर त्यात मराठी जोडताना दोन पर्याय दिसतात: देवनागरी कीबोर्ड, किंवा इंग्रजी अक्षरांत ‘sabha’च्या धर्तीवर उच्चार टाइप करून ‘सभा’ मिळवायची सोय. ज्यांनी आजवर मेसेजही रोमन लिपीतच लिहिले, त्यांना दुसरा जवळचा.

विंडोज संगणकावर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडून मराठी भाषा जोडा, आणि तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’, म्हणजे उच्चाराप्रमाणे टाइप करायचा, कीबोर्ड निवडा. ही सोय विंडोज १० मध्ये २०१९ पासून आहे. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजीवरून मराठीवर, पुन्हा दाबलं की परत.

रोज दोन-तीन पानं लिहायची असतील तर मात्र इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिका. स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची मांडणी आहे. इंग्रजी ‘के’च्या जागी क, ‘जे’च्या जागी र, ‘डी’च्या जागी हलन्त. पहिला आठवडा चिडचिड होते, दुसऱ्या आठवड्यात बोटं स्वतःच जायला लागतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र फोनेटिकमध्ये लोकांना रडवतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’, मग हलन्त, मग य किंवा ह, झालं.

टायपिंग नकोच असेल तर बोला. क्रोममध्ये ‘टूल्स’ मेन्यूत ‘व्हॉइस टायपिंग’ आहे. माइकचं चित्र आलं की त्याच्या वरच्या यादीतून मराठी निवडायचं आणि माइकवर क्लिक करून बोलायचं. आमच्या खजिनदारांनी हिशेबाचं अख्खं निवेदन असं सांगून उतरवलं. मजकूर बऱ्यापैकी शुद्ध येतो, पण स्वल्पविराम आणि पूर्णविराम हाताने घालावे लागतात, आणि आडनावं तपासावीच लागतात. खिडकी बंद ठेवा. खाली भंगारवाला ओरडला तर तोही इतिवृत्तात येऊ शकतो.

आता जुन्या फायलींबद्दल. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डॉक्समध्ये चिकटवला की अगम्य अक्षरं दिसतात. त्या फायलींत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तो मजकूर कुठेही मराठीच राहतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. मात्र जोडाक्षरं आणि रफार नीट वाचून घ्या. ठरावातल्या रकमा तर मूळ छापील कागदाशी ताडून बघाच. पुढच्या वेळी डीटीपीवाल्याला काम द्याल तेव्हा एवढंच सांगा: ‘युनिकोडमध्ये करून द्या.’

अजून एक बारीक काटा. ‘ॲडव्हान्स’मधला ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकच अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण कंट्रोल-एफने शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. मेंटेनन्स ॲडव्हान्सचा उल्लेख इतिवृत्तात नाहीच, असं मी एका मेंबरला ठामपणे सांगून बसले होते. होता. तेव्हापासून कंट्रोल-एचने एक प्रकार शोधून सगळीकडे दुसरा घालते.

अक्षर दिसायला हवं

फाँटच्या यादीत ‘मोअर फाँट्स’ उघडा आणि ‘स्क्रिप्ट्स’मध्ये देवनागरी निवडा. ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे दोन्ही मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने घडवले आहेत. नोटिशीसाठी मुक्ता उत्तम, मंडळाच्या जत्रेच्या पत्रकाला बलू शोभतो. लांब मजकुरासाठी मला ‘टिरो देवनागरी मराठी’ आवडतो, कारण त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. हे वळण तुम्हाला खटकत नसेल तर सोडून द्या. माझ्या शाळेतल्या बाईंना खटकलं असतं.

इंग्रजीसाठी ११ पॉइंट पुरतो, देवनागरीला थोडा बारीक पडतो. १३ किंवा १४ ठेवा आणि ओळींतलं अंतर दीडपट. वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसत नाहीत, आणि नोटीस लिफ्टशेजारच्या फलकावर लावली तर ज्येष्ठांना चष्मा न बदलता वाचता येते.

मथळे नुसते ठळक करून भागवू नका. मथळ्याची ओळ निवडून शैलींच्या यादीतून ‘हेडिंग १’ द्या. सभेचा एकेक विषय असा हेडिंग केला की डावीकडे अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि चौदा पानांच्या इतिवृत्तात ‘पार्किंग’वर एका क्लिकमध्ये पोचता येतं. हिशेबासाठी ‘इन्सर्ट’मधून टेबल घ्या, स्पेसबार दाबून आकडे एकाखाली एक लावायची जुनी सवय सोडा. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांच्या ओळी एकदा नीट मांडून ठेवा आणि त्या फाइलला ‘नमुना’ नाव द्या. पुढच्या सभेला ‘फाइल’मधून ‘मेक अ कॉपी’ केलं की सांगाडा तयार.

लिंक द्यायची, पण कुठली

वर उजवीकडे ‘शेअर’. इथे तीन दर्जे आहेत. ‘व्ह्यूअर’ फक्त वाचतो. ‘कॉमेंटर’ कडेला शेरा लिहितो, मजकुराला हात लावू शकत नाही. ‘एडिटर’ काहीही बदलतो. आणि दोन दारं: ‘रिस्ट्रिक्टेड’ म्हणजे ज्यांचे ईमेल तुम्ही घातले तेवढेच, ‘एनीवन विथ द लिंक’ म्हणजे लिंक हाती पडेल तो कुणीही.

माझी पहिल्या वर्षीची चूक सांगते. मसुदा सगळ्यांनी बघावा म्हणून लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, दार उघडं आणि दर्जा एडिटर. रात्री साडेदहाला बघते तर सात-आठ जण एकाच वेळी पानावर. खात्यात न शिरता आलेल्यांना गूगल प्राण्यांची नावं देतं, तेव्हा वर ‘अनॉनिमस कॅपिबारा’ वगैरे मंडळी रांगेत उभी होती. त्यांतल्या कुठल्यातरी प्राण्याने पार्किंगचा अख्खा परिच्छेद उडवला होता. फोनवर बोट घसरलं, की बोटाला पार्किंग नको होतं, ते अजून कळलेलं नाही.

परिच्छेद दोन मिनिटांत परत आला. ‘फाइल’, मग ‘व्हर्जन हिस्टरी’, मग ‘सी व्हर्जन हिस्टरी’. उजवीकडे तारीख-वेळेसह जुनी रूपं दिसतात, कुणी काय बदललं ते रंगाने कळतं. हवं ते रूप निवडून ‘रिस्टोअर’ दाबायचं. महत्त्वाच्या टप्प्यांना तिथेच नावं देऊन ठेवा: ‘कमिटीला दाखवलेला मसुदा’, ‘सभेत वाचलेलं’. सात फायलींचं काम ही नावं करतात.

तेव्हापासूनची आमची पद्धत अशी. चेअरमन, खजिनदार आणि मी एडिटर, ईमेल घालून. कमिटीचे बाकीचे कॉमेंटर. मेंबरांना मसुद्याची लिंक व्ह्यूअर म्हणूनच, आणि फोन नंबर किंवा थकबाकीदारांची नावं असलेली फाइल उघड्या लिंकवर कधीच नाही. एडिटरांनीही वर पेन्सिलच्या चित्रातून ‘सजेस्टिंग’ निवडून लिहायचं. मग जुना शब्द खोडलेला आणि नवा रंगीत दिसतो, आणि मी तो स्वीकारते किंवा नाकारते. चेअरमन साहेबांना सुरुवातीला हे अपमानास्पद वाटलं होतं. माझ्याही चुका त्याच रंगात दिसायला लागल्यावर त्यांचा राग गेला.

शेरा लिहिताना @ टाइप करून एखाद्याचा ईमेल घातला की त्याला मेल जातो. ‘वॉटरप्रूफिंगचं कोटेशन जीएसटीसह की वगळून?’ असा प्रश्न खजिनदारांना त्या ओळीपाशीच विचारता येतो, आणि उत्तरही तिथेच राहतं. व्हॉट्सॲपवर विचारलं असतं तर सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं गेलं असतं.

हल्ली एका फाइलमध्ये ‘टॅब’ करता येतात. नोटीस, अजेंडा, इतिवृत्त एकाच जागी. छान सोय, पण लिंक दिली की सगळे टॅब दिसतात, एवढं लक्षात ठेवा.

लोकलमध्ये

मी फोर्टात नोकरीला. संध्याकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर मसुदा वाचायचा, पण गर्दीत नेटवर्क मधेच दगा देतं. त्यासाठी घरून निघण्यापूर्वी डॉक्सच्या ॲपमध्ये फाइलच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ दाबून ठेवते. मग नेट नसतानाही लिहिता येतं, आणि मिळालं की बदल वर चढतात. संगणकावर हीच सोय ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑफलाइन’ म्हणून आहे, क्रोम किंवा एजमध्ये चालते. दोन्हीकडे ती नेट असतानाच सुरू करावी लागते. एकच परिच्छेद दोघांनी ऑफलाइन बदलू नका. नंतर त्याची खिचडी होते.

छापणं आणि झेरॉक्सचं दुकान

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा व्हायला हवी आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी मेंबरांच्या हाती हवी. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात दुकानात रांग असते आणि घाईत चुका होतात.

छापायला नेहमी पीडीएफ न्या: ‘फाइल’, ‘डाउनलोड’, ‘पीडीएफ डॉक्युमेंट’. वर्डची फाइल दिली आणि दुकानातल्या संगणकावर मुक्ता नसला, तर तो दुसराच फाँट घालतो आणि पानं सरकतात. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो. एखाद्या कार्यालयाने वर्डमध्येच मागितलं तर त्याच ‘डाउनलोड’मध्ये तोही प्रकार आहे.

दुकानाच्या संगणकावर सोसायटीचं खातं उघडू नका. पीडीएफ त्यांच्या ईमेलवर पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्हवर न्या. उघडावंच लागलं तर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे बंद केल्यावर लॉगिन न ठेवणाऱ्या, खिडकीत उघडा आणि निघताना ती बंद करा. विसरलात तर घरी येऊन गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हाइसेस’ बघा. तिथून त्या संगणकावरचं लॉगिन तोडता येतं. डाउनलोड झालेली फाइल मात्र तिथेच राहते, ती आठवणीने पुसायला लावा.

चुकून तुमचीच फाइल पुसली तर ड्राइव्हच्या ‘ट्रॅश’मध्ये ती ३० दिवस असते. त्यानंतर नाही.

कागद सुटलेला नाही. सभेत कायम झालेलं इतिवृत्त आम्ही छापून, चेअरमन आणि सेक्रेटरीच्या सह्यांसह मिनिट बुकात ठेवतो. यंदाची प्रत छापून आणली त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकांचा फोन आला: पान दोनवर ‘ठराव’चा ‘ठरव’ झालाय. काका कमिटीवर आहेत. त्यांना म्हटलं, फोनवर नको, त्या शब्दापाशी कॉमेंट टाका. पंधरा मिनिटांनी आली, आणि खाली आणखी चार.